कल्पना डिझेलची, इंजिन कोणाचे?

डिझेल हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की, ते एका माणसाचे आडनाव होते याची आठवण सहसा कोणास होत नाही. एस.टी.च्या आगारात, मालमोटारीच्या अड्ड्यावर, पेट्रोलपंपावर दिवसातून शेकडो वेळा हे नाव उच्चारले जाते. पण ज्याचे ते नाव, त्याची ओळख शालेय पुस्तकांनीही फारशी करून दिलेली नाही. जेम्स वॉटच्या किटलीची गोष्ट खरी असो वा खोटी, प्रत्येक मुलाला ती ठाऊक असते. एडिसनच्या दिव्याविषयी विद्यार्थी निबंध लिहितात. रुडॉल्फ डिझेलच्या वाट्याला असे काही आले नाही. वस्तुतः मनात सुचलेली कल्पना आणि बाजारात विकली जाणारी वस्तू यांच्यामधला रस्ता किती लांब असतो, त्यावर कोण कोण चालते आणि त्याचे भाडे शेवटी कोणाला भरावे लागते, हे समजून घ्यायचे तर डिझेलच्या चरित्राइतके बोलके चरित्र क्वचितच सापडेल.

डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईबाप जर्मन, बाप थिओडोर हा मूळचा ऑग्सबुर्गचा, पुस्तकबांधणी आणि चामड्याच्या वस्तू करणारा कारागीर. घरची स्थिती ओढगस्तीची. बापाने केलेला माल हातगाडीवरून गिऱ्हाइकांच्या घरी पोचवण्याचे काम लहानग्या रुडॉल्फकडे असे. सवड मिळाली की हा मुलगा पॅरिसच्या यंत्रकलेच्या संग्रहालयात जाऊन बसे. अठराव्या शतकातली क्यून्योची वाफेची गाडी तेथे ठेवलेली होती. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध जुंपले आणि पॅरिसमधल्या जर्मनांना शहर सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. तेथे पोटाचीच पंचाईत, तेव्हा बारा वर्षांच्या मुलाला ऑग्सबुर्गला नातेवाइकांकडे धाडण्यात आले. त्याला आश्रय देणारे गृहस्थ गणिताचे शिक्षक होते. आपण इंजिनियर व्हायचे, हे त्या मुलाने तेथेच ठरवले, आणि पुढची सारी शिक्षणयात्रा पहिला क्रमांक आणि शिष्यवृत्त्या यांच्या बळावर पार पाडली.

म्यूनिकच्या तंत्रविद्यालयात कार्ल लिंडे हे त्याचे प्राध्यापक होते. शीतकरण यंत्रांच्या इतिहासात लिंडे यांचे स्थान फार मोठे आहे. त्यांच्या व्याख्यानात डिझेलने ऐकले की, उत्तमातले उत्तम वाफेचे इंजिनसुद्धा कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम सहा ते दहा टक्के उष्णतेचे कामात रूपांतर करते. उरलेली सारी धुराड्यावाटे आणि थंड पाण्यावाटे वाया जाते. वर्गात बसलेल्या बाकीच्यांनीही हे वाक्य वहीत उतरवून घेतलेच असेल. परंतु डिझेलच्या मनात ते रुतून बसले. फ्रेंच शास्त्रज्ञ कार्नो याने १८२४ साली आदर्श इंजिनाचे गणित मांडून ठेवले होते. त्या आदर्शाच्या जवळ जाणारे यंत्र प्रत्यक्षात बांधता येईल काय, हा प्रश्न त्याने वहीच्या समासात टिपून ठेवला. तेव्हा त्याचे वय वीस वर्षांचे होते. आजारपणामुळे परीक्षा लांबली. १८८० च्या आरंभी त्याने ती दिली व विद्यालयाच्या स्थापनेपासून कोणास न मिळालेले गुण मिळवले.

त्यानंतरची दहा-बारा वर्षे मात्र नोकरीची आहेत. लिंडे यांच्या पॅरिसमधील बर्फाच्या कारखान्यात तो आधी शिकाऊ आणि वर्षभरातच व्यवस्थापक झाला. १८८३ साली लग्न झाले, पुढे तीन मुले झाली. दिवसा बर्फ आणि यंत्रांची विक्री, रात्री स्वतःचे प्रयोग, असा क्रम. वाफेऐवजी अमोनियाच्या वायूवर चालणारे इंजिन करण्याच्या नादात त्याने कित्येक वर्षे घालवली. त्यातून विकण्याजोगे काही निघाले नाही. तथापि ही वर्षे अगदीच फुकट गेली असे म्हणता येणार नाही. अतिशय मोठ्या दाबाखाली वायू कसा वागतो, सांधे कसे गळतात, झडपा कशा अडकतात, याची जी हाताला सवय लागली ती पुढे उपयोगी पडली. १८९० साली तो लिंडे यांच्याच कामासाठी बर्लिनला गेला आणि तेथे अमोनिया सोडून हवेकडे वळला.

त्याची कल्पना थोडक्यात अशी होती. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे टोक तापते, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. सिलिंडरमध्ये नुसती हवा घ्यावी आणि दट्ट्याने ती इतकी दाबावी की तिचे तापमान इंधन पेटण्याच्या कितीतरी वर जाईल. मग त्या तापलेल्या हवेत इंधन थोडेथोडे सोडावे. ते आपोआप पेटेल. ठिणगी नको, ज्योत नको. इतपत भाग आजच्या प्रत्येक डिझेल इंजिनात आहेच. परंतु डिझेलला त्याहून पुढे जायचे होते. इंधन अशा बेताने सोडावयाचे की जळताना तापमान मुळीच वाढू नये, म्हणजे कार्नोचा आदर्श हाताशी येईल, ही त्याची खरी महत्त्वाकांक्षा होती. त्यासाठी हवेच्या नेहमीच्या दाबाच्या २५० पट दाब त्याने हिशेबात धरला आणि उष्णतेपैकी ७३ टक्के भाग कामी येईल असे भाकीत केले. २८ फेब्रुवारी १८९२ पासून अंमल धरणारे जर्मन पेटंट, क्रमांक ६७२०७, त्याला पुढच्या वर्षी मिळाले. त्याच सुमारास त्याने एक छोटे पुस्तकही प्रसिद्ध केले. वाफेचे इंजिन आणि त्याबरोबर तोवर माहीत असलेली सर्व ज्वलन-इंजिने हद्दपार करणारे इंजिन, असा दावा त्या पुस्तकाच्या नावातच होता. अजून एकही यंत्र बांधलेले नव्हते.

कागद हाती आला. पैसा आणि कारखाना कोठून आणावयाचा? ऑग्सबुर्गच्या यंत्रकारखान्याचे प्रमुख हाइन्रिख बुत्झ यांच्याकडे त्याने प्रस्ताव पाठवला, तो प्रथम नाकारला गेला. इतका दाब सोसणारा सिलिंडर कोणता कारखाना ओतून देणार, ही बुत्झ यांची शंका रास्त होती. डिझेलने दाबाचा आकडा बराच खाली आणला, तेव्हा ते एक यंत्र प्रयोगादाखल बांधून पाहण्यास तयार झाले. १८९३ साली त्यांच्याशी आणि पाठोपाठ एसेनच्या क्रुप कंपनीशी करार झाले. क्रुपने वर्षाला ३०,००० मार्क पगार कबूल केला. नोकरी सुटली आणि पस्तिसाव्या वर्षी डिझेल पूर्णवेळ संशोधक झाला. बुत्झ यांचे नाव आज फारसे कोणास माहीत नाही. परंतु पुढची चार वर्षे हा गृहस्थ खर्चाच्या पावत्यांवर न कुरकुरता सह्या करीत राहिला नसता, तर ६७२०७ क्रमांकाचे पेटंट इतर हजारो पेटंटांबरोबर दप्तरात धूळ खात पडले असते.

१० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्या यंत्राची चाचणी झाली. कारखान्याच्या फिरत्या दांड्यावरून पट्ट्याने ते फिरवले, आत पेट्रोल सोडले, आणि मोठा स्फोट होऊन दाब मोजण्याचे उपकरण फुटले. त्याचे तुकडे जवळून गेले. डिझेलला मात्र आनंद झाला, कारण नुसत्या दाबाने इंधन पेटते एवढे तरी सिद्ध झाले होते. यंत्र स्वतःच्या बळावर एकही फेरा फिरले नाही. पुन्हा नवे भाग ओतले, पुन्हा महिने गेले. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी दुसऱ्या मालिकेची चाचणी चालू असता, यंत्राशेजारी उभ्या असलेल्या एका कारागिराच्या ध्यानात आले की, पट्ट्याची जी बाजू ताणलेली असावयास हवी ती सैल पडली आहे. म्हणजे आता कारखाना यंत्राला फिरवीत नव्हता, यंत्रच पट्ट्याला ओढत होते. त्याने काही न बोलता डोक्यावरची टोपी किंचित उचलली. डिझेलने पुढे स्वतःच हा प्रसंग नमूद करून ठेवला आहे. तो सारा विजय सुमारे एका मिनिटाचा होता, मिनिटाला ८८ फेरे या गतीचा.

याच काळात एक गोष्ट घडली. ती डिझेलने जगापासून जवळजवळ लपवून ठेवली, आणि त्याच्या चरित्रातला खरा गुंता तिच्यात आहे. १८९३ च्या मध्यालाच आपल्या गणितातली खोट त्याला कळून चुकली होती. तापमान न वाढू देता इंधन जाळावयाचे, तर दर फेऱ्याला ते इतके थोडे जाळावे लागते की, हवा दाबण्यात आणि घर्षणातच सारे काम खर्ची पडावे. असे यंत्र स्वतःला कसेबसे फिरवील. गिरणी फिरवणार नाही. तेव्हा त्याने मार्ग बदलला. इंधन अधिक सोडावयाचे, तापमान वाढू द्यावयाचे, फक्त दाब सारखा राहील असे पाहावयाचे. या फेरबदलासाठी त्याने त्याच वर्षाच्या अखेरीस दुसऱ्या पेटंटाचा अर्ज केला. पण पहिल्या पेटंटावर करार उभे होते. ते चुकले होते असे उघड म्हणण्याची सोय नव्हती. म्हणून नवे यंत्र हा जुन्याच कल्पनेचा विस्तार आहे, असे त्याने भासवले. व्यवहाराच्या दृष्टीने यात शहाणपण होते. शास्त्राच्या दृष्टीने ती लबाडी होती असे कोणी म्हटले, तर ते सर्वस्वी नाकारणे कठीण आहे.

दाबलेल्या हवेच्या झोताने इंधनाचा फवारा उडवणे ही त्यानंतरची मोठी अडचण. तोटीचे भोक किती असावे, झडप केव्हा उघडावी, हवा किती दाबाची असावी, पेट्रोल, रॉकेल की वायू वापरावा, यावर तीन वर्षे गेली. इमानुएल लाउस्टर नावाचा तरुण अभियंता या कामात दाखल झाला. पुढे हे इंजिन कारखान्याच्या कामास लायक बनवण्यात त्याचा वाटा फार मोठा राहिला. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी, म्हणजे त्या एका मिनिटाच्या विजयानंतर बरोबर तीन वर्षांनी, म्यूनिकचे प्राध्यापक मोरित्स श्रोटर यांनी तिसऱ्या यंत्राची रीतसर परीक्षा घेतली. सुमारे तीन मीटर उंचीचे ते एका सिलिंडरचे धूड सतरा-अठरा अश्वशक्ती देत होते आणि इंधनातल्या उष्णतेपैकी २६.२ टक्के कामी लावत होते. भाकीत ७३ टक्क्यांचे होते, हे खरे. परंतु वाफेच्या इंजिनांच्या जगात २६ टक्के हाही चमत्कारच होता.

येथून पुढची दोन वर्षे डिझेलच्या आयुष्यातली सर्वांत भाग्याची, आणि एका अर्थाने सर्वांत घातक ठरली. जून १८९७ मध्ये कासेल येथे जर्मन अभियंत्यांच्या सभेत त्याचे व्याख्यान झाले आणि परवाने घेण्यासाठी देशोदेशींचे लोक धावले. स्कॉटलंडच्या मिर्लीस कंपनीने लॉर्ड केल्व्हिन यांचा सल्ला घेऊन परवाना घेतला. अमेरिकेतला दारूभट्टीवाला अडॉल्फस बुश याने दहा लाख मार्क मोजले. डायनामाइटवाल्या नोबेलचा पुतण्या इमॅन्युएल याने रशियासाठी हक्क घेतले. १८९८ साली एक कंपनी स्थापन होऊन डिझेलने आपले सर्व हक्क ३५ लाख मार्कांना तिच्या हवाली केले. यातला बराच भाग रोख नव्हे, शेअरांच्या रूपाने होता. कारागिराचा मुलगा चाळिशीत कोट्यधीशांच्या पंगतीला जाऊन बसला. म्यूनिकमध्ये त्याने प्रासादतुल्य घर बांधावयास घेतले.

पण जगाला विकले काय होते? एका प्रयोगशाळेत, ते यंत्र घडवणाऱ्यांच्याच देखरेखीखाली, प्राध्यापकाच्या समोर उत्तम चाललेले एक यंत्र. केम्प्टेनच्या आगकाड्यांच्या कारखान्याला १८९८ साली ६० अश्वशक्तीचे दोन सिलिंडरांचे इंजिन बसवून दिले. कामाला लागलेले पहिले डिझेल इंजिन ते हेच. ते सारखे बिघडू लागले. आज झडप जळाली, उद्या फवाऱ्याची तोटी तुंबली, परवा हवा दाबणारा पंप निकामी. ऑग्सबुर्गहून माणसे धावत जात, दुरुस्त करून येत, की पुन्हा निरोप. त्याच वर्षी म्यूनिकच्या प्रदर्शनात मांडलेली इंजिने चालू ठेवण्यासाठी रात्र रात्र जागावे लागले. ऑग्सबुर्गला डिझेलच्या नावाने खास कारखाना निघाला होता. त्याने पाठवलेली इंजिने गिऱ्हाइकांनी परत केली आणि लवकरच तेथले उत्पादन थांबले. परवाने घेतलेल्यांना आराखडे मिळाले होते. आराखड्यात न मावणारी जी हातोटी असते, ती त्यांना मिळाली नव्हती. शिवाय जर्मनीत रॉकेलवर जबर कर होता. त्यामुळे इंजिन थोडे तेल खाते या गुणाचा हिशेब कारखानदारांना तितकासा आकर्षक वाटेना. परीक्षेत पहिला आलेला विद्यार्थी नोकरीच्या पहिल्या दिवशी गोंधळून जावा तशी त्या यंत्राची अवस्था झाली.

डिझेल स्वतः कोसळला. १८९८ च्या शरदात त्याला विश्रांतीसाठी रुग्णालयात ठेवावे लागले. डोकेदुखी, निद्रानाश, मनाची ग्लानी. त्यातच एमिल कापितेन याने आधीची कल्पना आपली होती म्हणून दावा लावलेला. आणि डिझेल अंथरुणावर असताना दुसरीकडे कामे चालूच होती. लाउस्टरने ऑग्सबुर्गला एकेक भाग नव्याने आखला. नोबेलच्या पीटर्सबर्गच्या कारखान्याने रशियातल्या स्वस्त जड तेलावर चालेल असा फेरबदल केला. १९०३ साली त्यांचे तेलवाहू जहाज याच इंजिनांच्या जोरावर व्होल्गा नदीवर फिरू लागले. नंतरच्या काही वर्षांत इंजिन विश्वासाचे झाले. १९०७-०८ च्या सुमारास मूळ पेटंटाची मुदत संपली आणि मग ज्याला हवे त्याने ते बांधावे अशी स्थिती आली. नाव डिझेलचे राहिले. रॉयल्टीची गरज उरली नाही.

डिझेलला हे इंजिन कशासाठी हवे होते, हे पाहिले म्हणजे त्याच्याविषयी आस्था वाटल्यावाचून राहत नाही. वाफेचे इंजिन मोठे असले तरच परवडते. म्हणून ते मोठ्या भांडवलदारालाच घेता येते, आणि सुतार, विणकर, चांभार, पुस्तकबांधणीवाला यांना त्याच्यापुढे टिकाव धरता येत नाही. ही गोष्ट आपल्या बापाच्या धंद्यात त्याने जवळून पाहिली होती. लहान दुकानात मावेल, थोड्या तेलावर चालेल असे इंजिन मिळाले तर कारागीर पुन्हा उभा राहील, अशी त्याची आशा होती. १९०३ साली त्याने ‘सॉलिडारिस्मुस’ नावाचा ग्रंथ लिहून कामगारांनी पैपैशाच्या वर्गणीतून स्वतःचे उद्योग काढावेत अशी योजना मांडली. ग्रंथाच्या प्रती काही शेच खपल्या. इंधनाविषयीही त्याची अशीच दूरदृष्टी होती. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या पद्धतीचे एक छोटे इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले. शेतातल्या तेलावर शेतकऱ्याचे इंजिन चालावे, या विचाराचा त्याने १९१२ साली पुन्हा आवर्जून पुरस्कार केला. प्रत्यक्षात त्याच्या हयातीत हे यंत्र गेले ते मोठ्या वीजघरांत, जहाजांत आणि पाणबुड्यांत. फेब्रुवारी १९१२ मध्ये कोपनहेगनहून बँकॉकच्या प्रवासाला निघालेल्या ‘सेलांडिया’ या जहाजाने महासागरावरील वाहतुकीत डिझेल इंजिनाचे युग सुरू केले. सुताराच्या दुकानापासून हे फार दूरचे ठिकाण होते.

कीर्ती वाढत होती तसे टीकाकारही वाढत होते. इंग्लंडच्या अ‍ॅक्रॉइड स्ट्युअर्टचे १८९० चे पेटंट पुढे करण्यात आले. त्याच्या इंजिनात हवा बेताचीच दाबली जाई आणि आरंभी बाहेरून उष्णता द्यावी लागे, तेव्हा दोहोंत फरक आहे. तरी तेलाचे इंजिन ठिणगीवाचून चालवण्यात तो डिझेलच्या आधीचा होता, हे मान्य करावेच लागते. आखेनचे प्राध्यापक ल्यूडर्स यांनी १९१३ साली सबंध पुस्तकच लिहिले, आणि त्याच्या नावातच डिझेल हे एक मिथक असल्याचे सुचवले. त्यांचा मुद्दा धारदार होता. पेटंटात जे सांगितले ते यंत्रात नाही आणि यंत्रात जे आहे ते पेटंटात नाही. मग शोध कोणाचा? डिझेलने नोव्हेंबर १९१२ मध्ये बर्लिनला जहाजबांधणी अभियंत्यांपुढे भाषण करून आणि नंतर पुस्तक लिहून उत्तर दिले. कल्पना हा शोधाचा एक अल्प भाग असून ती प्रत्यक्षात आणणे आणि नंतर लोकांच्या गळी उतरवणे हाच कष्टाचा भाग होय, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय होता. वीस वर्षांपूर्वी कागदावरल्या कल्पनेच्या जोरावर सगळ्या इंजिनांना हद्दपार करावयास निघालेल्या माणसाने हे म्हणावे, यात एक प्रकारची कबुली होती.

ल्यूडर्स यांचा निवाडा मात्र अन्यायाचा आहे. पेटंटातले गणित चुकले म्हणून चार वर्षांचे प्रयोग खोटे ठरत नाहीत. दाब सोडावयाचा नाही, बाकी काहीही बदलावे लागले तरी चालेल, हा हट्ट डिझेलचा होता. त्या काळी दुसऱ्या कोणीही इतक्या दाबाच्या वाटेला जाण्याचे धाडस केले नव्हते. त्याची चूक असलीच तर वेगळी होती. यंत्र पुरते तयार होण्याआधी तो ते विकत सुटला, आणि हाती आलेल्या पैशामुळे आपण व्यवहारातही तितकेच हुशार आहोत असे त्याला वाटू लागले. म्यूनिकमधले भूखंड, गॅलिशियातल्या तेलविहिरी, अशा व्यवहारांत त्याने पैसा ओतला आणि बुडवला. विजेच्या लोहमार्गापासून मोटारीपर्यंत नाना योजना त्याच्या डोक्यात होत्या. १९१३ पर्यंत घराची शोभा तशीच होती, पाहुण्यांचा राबता तसाच होता. तिजोरी मात्र रिकामी झाली होती, आणि त्याचा पत्ता पत्नीलाही नव्हता.

२९ सप्टेंबर १९१३ रोजी संध्याकाळी अँटवर्पहून हॅरिचला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ या बोटीवर तो चढला. सोबत घेंटचे कारखानदार जॉर्ज कारेल्स आणि एक अभियंता होता. इंग्लंडात नव्या डिझेल कारखान्याचे काम होते. तिघांनी एकत्र जेवण केले, डेकवर फेरी मारली आणि दहाच्या सुमारास आपापल्या खोल्यांत गेले. सकाळी सव्वासहाला उठवावे असे डिझेलने सांगून ठेवले होते. सकाळी बिछाना वापरलेला दिसला नाही. झोपताना घालावयाचे कपडे तसेच पडलेले, घड्याळ दिसेल असे टांगलेले. टोपी व ओव्हरकोट बोटीच्या मागील बाजूस कठड्यापाशी सापडले. दहाएक दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात प्रेत आढळले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे खिशातल्या वस्तू काढून घेऊन ते पुन्हा पाण्यात सोडण्यात आले. गोळ्यांची डबी, चष्म्याचे घर, चाकू या वस्तू वडिलांच्याच आहेत हे धाकटा मुलगा ऑयगेन याने फ्लशिंगला जाऊन सांगितले.

युद्धाचे वारे वाहत होते, पाणबुड्यांत हे इंजिन होते. तेव्हा जर्मन हेरांनी घात केला, तेलसम्राटांनी काटा काढला, अशा वावड्या उठल्या आणि आजही त्यांवर पुस्तके निघतात. परंतु निघण्यापूर्वी त्याने पत्नीच्या हाती एक बॅग दिली होती आणि आठवडाभर ती उघडू नये असे बजावले होते. तीत २०,००० मार्क रोख निघाले. त्यानंतर कर्जाचे कागद बाहेर आले, धनको जमले, घर गेले. हा क्रम पाहता निष्कर्षासाठी हेर शोधत जाण्याची गरज भासत नाही.

इंजिनाची गोष्ट मात्र तेथे थांबली नाही. हवेच्या झोताने फवारा उडवण्यासाठी लागणारा अवजड पंप हे लहान डिझेल इंजिनाच्या वाटेतले मोठे लोढणे होते. बेन्झ कंपनीतल्या प्रॉस्पर लोरांज याने सिलिंडरच्या डोक्यावर छोटी कोठी ठेवून ते टाळण्याचा उपाय काढला होता. १९२७ पासून बॉश कंपनीचे इंधन फवारण्याचे छोटे पंप मोठ्या संख्येने मिळू लागले. त्यानंतर हे इंजिन ट्रकमध्ये मावू लागले आणि चार-पाच अश्वशक्तीचे करता येऊ लागले. आपल्याकडे, पुढे १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान झालेले धनजीशा कूपर यांच्या साताऱ्याकडील कारखान्यात त्या दशकात डिझेल इंजिने तयार होऊ लागली. पुण्याला खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली निघाली. मोट आणि बैल यांच्या जागी विहिरीच्या काठावर एक लहानसे यंत्र फटफट आवाज करीत पाणी उपसू लागले. वीज पोचली नव्हती अशा गावांत ते कित्येक वर्षे तसेच चालत राहिले. फवाऱ्याची तोटी तुंबली तर तालुक्याच्या गावाहून मिस्त्री येई, आणि पुष्कळदा शेतकऱ्याचा मुलगाच ती साफ करी. केम्प्टेनच्या कारखान्यात ऑग्सबुर्गच्या अभियंत्यांना जी तोटी जमत नव्हती, तीच ही.